थेंबवाली वॉटर टेस्ट किट, सहा महिने वापरून

माशांच्या टाकीतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलंच आहे असं मला वाटायचं, आणि मग एका सकाळी दोन गप्पी वर येऊन हवा ओढताना दिसले, कल्ले लालभडक, तेव्हा ही किट मागवली. 5 मिली पाणी नळीत घ्यायचं, बाटली सरळ उभी धरून थेंब टाकायचे आणि 5 मिनिटं थांबायचं. अमोनियाचा (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) रंग पिवळा, म्हणजे शून्य, हवा होता, आला हिरवा! कारण म्हणजे मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला होता, क्लोरीनने अमोनिया खाणारे बॅक्टेरियाच मारून टाकले. आता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घेते.

पाण्यात बुडवायच्या टेस्ट पट्ट्यांपेक्षा ही कितीतरी भारी, पट्टीवर दोन छटांमधला फरकच कळत नाही आणि बऱ्याच पट्ट्यांत अमोनियाची टेस्ट नसतेच. नवीन टाकीवाल्यांनी तर घ्याच, सायकल बसायला, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे कमी घातक नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टाकीत पुरेसे वाढायला, साधारण 4 ते 6 आठवडे जातात, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नका प्लीज, त्यांचे हाल बघवत नाहीत.

तक्रार एकच, नायट्रेटची दुसरी बाटली खूप जोरात हलवावी लागते, तळाशी साका बसतो, नाही हलवली तर आकडा खोटा कमी येतो, आणि हे माहितीपत्रकात अगदी बारीक अक्षरात. रंगाचं कार्ड दिवसाउजेडी खिडकीपाशीच बघा. नायट्रेट 40 पीपीएमच्या (दहा लाखात 40 भाग) वर गेलं की मी पाव टाकी पाणी बदलते.