क्रिस्टल घेताय? आधी बिलावर 7018 आहे का बघा

प्रदर्शनातल्या क्रिस्टलच्या एका स्टॉलवर आमचे गेले एकूण 19,250 रुपये. सल्ल्याचे 1,100, सिट्रिनच्या ब्रेसलेटचे 2,850, पायराइटच्या ब्रेसलेटचे 2,400, मॉल्डेवाइटच्या पेंडंटचे 6,900, स्फटिकाच्या गोळ्याचे 4,500 आणि खड्यांत ‘ऊर्जा’ भरायच्या ‘चार्जिंग’चे 1,500. सल्ला आणि चार्जिंगची पावती नाही, ते पैसे हवेत गेले. उरलेल्या 16,650 रुपयांचं बिल मात्र आहे. छापील, जीएसटी नंबरसकट. आणि त्याच बिलावर चारही वस्तूंपुढे एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा आकडा, 7018 आहे.

7018 हा काचेच्या मण्यांचा, नकली मोत्यांचा, नकली खड्यांचा कोड. खऱ्या उपरत्नांचा 7103, त्यांच्यापासून घडवलेल्या वस्तूंचा 7116. म्हणजे विकणाऱ्याने तोंडाने स्फटिक विकला आणि कागदावर काच. फसवणूक लपवलेलीसुद्धा नव्हती, छापून हातात दिली होती. आता कोणी म्हणेल, बिल वाचायचं ना! बिलावरची रक्कम वाचतात, नाव वाचतात, फार तर तारीख. चार आकडी कोड वाचत साड्या, भांडी, खडे घेणारा माणूस अख्ख्या बडोद्यात दाखवा.

धंद्याची पद्धत नवी नाही. नवरात्रीच्या आधी गावात प्रदर्शनं लागतात, त्यात एक स्टॉल या क्रिस्टलवाल्यांचा असतोच. जन्मतारीख विचारायची, तक्रार विचारायची, मग तक्रारीवरून रंग आणि रंगावरून खडा. पैसा अडकलाय तर पायराइट, धीर खचलाय तर सिट्रिन, घरात कटकट असेल तर स्फटिकाचा गोळा, आणि हे सगळं करूनही ‘मोठा बदल’ हवा असेल तर मॉल्डेवाइट, कारण ते सगळ्यात महाग. शेवटी खडा मुठीत द्यायचा आणि विचारायचं, “गरम लागतंय ना? मग हाच तुमचा. बेन, पथ्थर पोते माणसने शोधे छे.” (ताई, दगडच माणूस शोधतो.)

इथेच खरं तर उठून यायला हवं होतं. खरा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, उष्णता काचेपेक्षा बराच जोरात ओढून घेतो. त्यामुळे तो हाताला गारच लागतो आणि मुठीत गरम व्हायला वेळ घेतो. काच लवकर कोमट होते. गोळा मुठीत घेतल्या घेतल्या ऊब जाणवली, तीच काचेचा संशय घ्यायची खूण होती, आणि तीच खूण ‘ऊर्जा’ म्हणून 4,500 रुपयांना गळ्यात बांधली. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी 2001 साली मांडलेल्या प्रयोगात लोकांच्या हातात खरे आणि खोटे क्रिस्टल दिले होते. झिणझिण्या, ऊब, तरतरी दोन्हीकडे सारखीच. तेव्हा ‘हातात धरून बघा’ ही पक्की परीक्षा नाहीच. खड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण बीपीची गोळी त्याच्या भरवशावर सोडू नका, आणि ज्या नावाने पैसे घेतले तोच दगड मिळायला हवा.

परीक्षा वजनाची. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी गोळा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि गोळा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लोंबकळवा. तळाला, कडेला टेकवायचा नाही, टेकला की आकडा चुकतो. अंगाला बुडबुडे चिकटले तर हलवून काढा. काटा आता जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनाला भागा. क्वार्ट्झला उत्तर 2.65 येतं. आमचा गोळा कोरडा 51.5 ग्रॅम, पाण्यात काटा 20.6. उत्तर 2.5, म्हणजे साधी काच. त्याच मापाचा स्फटिक साडेचोपन्न ग्रॅमच्या वर भरला असता.

काटा नसेल तर लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन लावा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यासमोर फिरवत स्क्रीन काळा होईपर्यंत न्या आणि मध्ये गोळा धरून हळूहळू वळवा. क्वार्ट्झ उजळतो, बहुतेकदा रंगही दिसतात. काच काळीच राहते, फार तर कुठेतरी पुसट डाग.

ब्रेसलेटला एवढंही लागत नाही. 8 मिमीचे 22 मणी खऱ्या पायराइटचे असतील तर 28-29 ग्रॅम भरतात, कारण ते लोखंडाचं सल्फाइड, काचेच्या दुप्पट जड. आमचं साडेचौदा भरलं. सोनेरी मुलामा दिलेली काच. वजन बरोबर आलं तरी हुरळू नका, मुलाम्याखाली हेमटाइट, म्हणजे तसंच जड लोहखनिज, असू शकतं. एक मणी फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा. पायराइटचा ओरखडा हिरवट काळा, हेमटाइटचा तांबडा. मणी चुंबकाला चिकटला तर दोन्हीही नाही.

सिट्रिनचा नारिंगी रंग प्रत्येक मण्यात सारखा होता आणि दहापटीच्या भिंगातून गोल बुडबुडे आणि साच्याची शिवण दिसली. पण बुडबुडे नसले तरी ते ‘नैसर्गिक सिट्रिन’ ठरत नाही. बाजारातला गडद नारिंगी, बुडाशी पांढरा असलेला दगड बहुधा ॲमेथिस्ट, म्हणजे जांभळा क्वार्ट्झ, भाजून केलेला असतो. नैसर्गिक सिट्रिन फिकट, जरा धुरकट पिवळा असतो. भाजणं हा गुन्हा नाही, न सांगणं हा आहे. खंभातचे लोक अकीक भाजतात, रतनपूरच्या खाणीतला पिवळट दगड मडक्यात भाजून तांबडा करतात, आणि विचारलं तर सांगतात. (तोच दगड घासताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने तिथल्या कारागिरांची फुफ्फुसं जातात. ‘पॉझिटिव्ह एनर्जी’च्या पत्रकात ते कधी छापत नाहीत.) भडक निळा, गुलाबी अकीक दिसला की रंगवलेला समजा. फिरोजा म्हणून विकलेल्या दगडावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा घासा, निळा उतरला तर खाली बहुधा हाऊलाइट नावाचा पांढरा दगड निघेल.

मॉल्डेवाइटची गोष्ट वेगळी. ते मुळातच काच आहे, चेक देशात सापडणारी, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच्या उल्कापातातून झालेली. त्यामुळे तिथे बुडबुडे असायलाच हवेत, स्फटिकाचा नियम उलटा. खऱ्याचं घनतेचं उत्तर 2.35च्या आसपास येतं, हिरव्या बाटलीच्या काचेचं 2.5. आमच्याचं 2.5 आलं. नंतर स्टॉलच्या फोटोत तपासलं तर तीन पेंडंटवर हुबेहूब तोच खड्डा त्याच जागी. साचा एक. 6,900 रुपये!

आणि ते सर्टिफिकेट. चकचकीत कार्ड, त्यावर क्यूआर, आणि क्यूआर उघडतो तो विकणाऱ्याच्याच पानावर. खऱ्या लॅबच्या अहवालात वजन, माप, अपवर्तनांक आणि घनता असते. काच असेल तर काच असं लिहिलेलं असतं. ‘धनलाभासाठी उपयुक्त’ कुठलीच लॅब लिहीत नाही. इलॅस्टिक तुटलं की ‘नजर घेतली, नवं घ्या’ म्हणतात तेही यातलंच. मण्याच्या भोकाची कड धारदार असली की इलॅस्टिक तुटतंच. शिवाय ‘शुद्धीकरणा’ला मिठाचं पाणी सांगतात. खरं पायराइट त्यात गंजतं, सेलेनाइट विरघळायला लागतं. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, ते बुडवलेलं पाणी पिऊ नका. ॲमेथिस्ट उन्हात ठेवला तर रंग उडतो.

आता तक्रारीचं. चौकीत म्हणाले, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेचं कलम 318, जुनं 420, याच्यासाठीच आहे असं सांगितलं तर “तुम्ही वकील का?” अर्जावर पोच मागितली तेव्हा साहेब जेवायला. दुसरीकडे म्हणाले, पैसे यूपीआयने गेले तरी तुम्ही समोर उभे होतात, हा सायबर गुन्हा नाही. तिसऱ्या खिडकीवर, माल पाकीटबंद नाही, आमचा विषय नाही. आणि कराच्या कार्यालयात कहर: “काच विकली, काचेचा कोड लावला, कर भरला. बिल बरोबर आहे.” म्हणजे सरकारच्या लेखी एकटा तोच प्रामाणिक! ग्राहक आयोगात फाइल परत, कारण आधी तज्ज्ञाचा अहवाल आणा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चं कलम 38 सांगतं की तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर आयोगच नमुना लॅबला पाठवतो, फी तेवढी तक्रारदाराकडून भरून घेऊ शकतो. कलमावर बोट ठेवून दाखवलं. “पुढच्या आठवड्यात या.”

तरीही तक्रार कराच, नाहीतर पुढच्या प्रदर्शनात तोच स्टॉल वेगळ्या नावाने. हेल्पलाइन 1915. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, हं. स्टॉलवर उभे असतानाच बिलावर दगडाचं नाव, ‘नैसर्गिक’ की ‘प्रक्रिया केलेला’, आणि वजन लिहून घ्या. लिहायला कां-कू केली की पैसे खिशात ठेवा. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. व्हॉट्सॲपवरचे दाव्यांचे मेसेज ‘डिलीट’ व्हायच्या आत स्क्रीनशॉट काढा.

आणि फरशी, रिमूव्हर जे काय करायचं ते एकाच मण्यावर करा. बाकीचे मणी, डबी, कार्ड पाकिटात घालून तारीख टाकून सही करून चिकटवून ठेवा. आमच्या पायराइटवर ओरखडे दिसताच विकणारा फोनवर म्हणाला, “तुम्ही माल बदललात.”