जुन्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक, की ड्रमच नीट करायचे?

साताऱ्यात माझी जुनी डिझेल पिकअप आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकासोबत फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे शू. कासहून यवतेश्वर घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर लायनरचा (शूवरच्या घासणाऱ्या थराचा) जळका वास यायचा आणि पॅडल दाबलं तरी गाडी सरकतच राहायची. ड्रममधली उष्णता आतच कोंडते, म्हणून. पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिले दोन-तीन ब्रेक तर देवाच्या भरवशावर.

ड्रमच ठेवायचे तर लेथवर टर्निंग (ड्रमची आतली बाजू सारखी करणं), नवे लायनर, व्हील सिलिंडरच्या (शू ढकलणाऱ्या भागाच्या) किट, की झालं. खर्च कमी, गाडीचं मूळ रूपही शाबूत. पण घाटातलं दुखणं तसंच राहतं.

डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती. ती उघडी असते, वाऱ्याने लवकर गार होते, पाणी झटकून टाकते. मात्र नुसते कॅलिपर (डिस्कला पॅडने चिमटणारे भाग) बसवून भागत नाही. ड्रमचे शू फिरत्या ड्रममुळे स्वतःच आणखी आवळले जातात. डिस्कला ती मदत नाही. म्हणजे पायाचा जोर व्हॅक्यूमने वाढवणारा बूस्टर आला, आणि डिझेल इंजिनाला त्यासाठी व्हॅक्यूम पंपही हवा. ड्रमचा जुना मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणारा भाग) लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, त्याने पॅड डिस्कला घासत राहतात. तोही बदला. शिवाय जुनी रिम कॅलिपरला अडते का, हे सामान घ्यायच्या आधी मापून बघा. आमच्या मिस्त्रींनी नंतर मापलं!

गाडी गावातच फिरत असेल तर ड्रम पुरे. मी घाटात माल नेतो, मी डिस्कच बसवल्या. फक्त आधी आरटीओत विचारून घ्या.