दादरचा पायलट करिअर सेमिनार: पैसे भरायच्या आधी वाचा

गेल्या रविवारी लेकीला घेऊन दादरला एका फ्लाइंग अकॅडमीच्या करिअर सेमिनारला गेले होते. नाव लिहीत नाही, कारण अशा अकॅडमी बऱ्याच आहेत आणि मला एकीलाच धरायचं नाहीये, पण जे ऐकलं ते बाकीच्या आईवडलांना कळावं म्हणून लिहितेय. पाचपैकी दोन स्टार, आणि तेही तिथे बोलायला आलेल्या एका रिटायर्ड कॅप्टनसाठी.

आधी चांगलं सांगते. एन्ट्री ५०० रुपये, वेळेवर सुरू झालं, बारावीला फिजिक्स-मॅथ्स लागतं, मग डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक खात्याचे) पेपर, २०० तास फ्लाइंग, मग सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, हे सगळं नीट समजावलं. खर्च साधारण ५५ लाख आणि टाइप रेटिंगचे (एका ठरावीक विमानाच्या ट्रेनिंगचे) वेगळे, हेही लपवलं नाही.

पण नोकरीचा विषय निघाला आणि स्क्रीनवर दोनच आकडे आले. इंडिगोने २०२३ मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० ची. काउन्सेलर म्हणाले एका विमानाला दहा-बारा पायलट लागतात, आता तुम्हीच गुणा. हॉलमधल्या प्रत्येकाने मनातल्या मनात गुणाकार केला, मीसुद्धा केला. ऑर्डरचे आकडे खरेच आहेत हो, पण ऑर्डर दिली आणि विमान दारात आलं यात कित्येक वर्षं जातात आणि तोवर कंपन्या काय करतात हे कोणी बोलेचना.

आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा सीपीएल होऊन दोन वर्षं घरी आहे, लोनचा हप्ता चालू झालाय, त्याच्याकडून वेट लीज हा शब्द ऐकला होता म्हणून मी हात वर केला. काउन्सेलर म्हणाले "ते टेम्पररी असतं मॅडम" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. तेव्हा कॅप्टनसाहेबांनी स्वतः माइक मागून घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं. वेट लीज म्हणजे विमान, क्रू, मेंटेनन्स, इन्शुरन्स सगळं दुसऱ्या कंपनीचं, तिकीट फक्त आपल्या कंपनीचं. डॅम्प लीज म्हणजे पायलट त्यांचे, केबिन क्रू आपले. इंडिगोने २०२३ मध्ये टर्किश एअरलाइन्सची मोठी बोइंग ७७७ विमानं अशीच इस्तंबूलला लावली, आणि जुलै २०२५ मध्ये आपल्या मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, मँचेस्टर सुरू झालं तेही नॉर्वेच्या नॉर्स कंपनीच्या बोइंग ७८७ वर. भारतातल्या विमानावर व्हीटी लिहिलेलं असतं, तुर्कीच्या विमानावर टीसी, नॉर्वेच्या विमानावर एलएन, एअरपोर्टवर काचेतून बघा म्हणाले. कंपनीची बाजूही त्यांनी मांडली, की प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांमुळे बरीच विमानं उभी राहिली, स्वतःची मोठी विमानं यायला वेळ आहे, मग रूट सोडून द्यायचा का? मला हे पटतं. केबिन क्रूला कामही मिळतंच.

मग एका बाबांनी विचारलं की नवीन पोरं काय लगेच ७७७ उडवणार आहेत का, मग त्यांचं काय नुकसान? यावर कॅप्टनसाहेबांनी जे सांगितलं त्यासाठीच मी हे लिहायला बसले. लोकलमध्ये खिडकीवाला उठला की बाजूचा सरकतो, चौथ्या सीटवरचा नीट बसतो आणि उभ्या असलेल्याला चौथी सीट मिळते. मोठ्या विमानावर पायलटसकट बाहेरचं विमान आलं की खिडकीची जागा आधीच भरलेली, मग ए३२० सारख्या लहान विमानाचा कॅप्टन वर जात नाही, त्याच्या को-पायलटला कमांड (कॅप्टनची जागा) मिळत नाही, आणि २०० तासवाला दारातच उभा. पूर्ण हॉल गप्प झाला.

अमेरिकेत पायलट युनियनच्या करारात स्कोप क्लॉज असतो म्हणे, बाहेरच्या छोट्या कंपनीला काम द्यायचं तर किती मोठी विमानं चालतील ते ठरलेलं, मोठ्या कंपन्यांकडे ७६ सीटपर्यंतच. तरी २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअर या अशाच छोट्या कंपनीचं विमान पडून ५० माणसं गेली, तिकिटावर नाव कॉन्टिनेंटल या मोठ्या कंपनीचं होतं. त्यानंतर तिथे को-पायलटलासुद्धा १५०० तासांची अट आली. काउन्सेलरने स्कोप क्लॉज हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला हे त्यांनी स्वतः कबूल केलं, आणि हेच मला सगळ्यात जास्त खटकलं, लोकांची घरं गहाण पडतात हो या कोर्सपायी.

शेवटी "आज टोकन भरा, डिस्काउंट घ्या" झालं, बऱ्याच जणांनी भरलंही. आम्ही नाही भरलं. लेकीने त्यांच्याकडे लेखी मागितलंय की मागच्या दोन बॅचमधले किती जण लागले, कुठल्या कंपनीत, सीपीएलनंतर किती महिन्यांनी. मेल करतो म्हणाले, शुक्रवारी परत फोन केला, अजून आलेला नाही. तिचं मन मात्र यातच आहे, म्हणून आधी क्लास टू मेडिकल (पायलटसाठीची पहिली वैद्यकीय तपासणी) करून घेतोय, गुरुवारी अंधेरीची अपॉइंटमेंट मिळालीये.