गेरिट: पॅचचे परीक्षण शिस्तीने करणारी प्रणाली

मुक्त स्रोत प्रकल्पांकडे येणारे पॅच, म्हणजे कोडमधील बदल, तपासण्यासाठी आज ज्या प्रणाली वापरात आहेत, त्यांपैकी गेरिट मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. मात्र प्रत्येक समुदायाने ती डोळे झाकून स्वीकारावी, असे मी म्हणणार नाही. अँड्रॉइडच्या विकासासाठी ती गूगलमध्ये घडली आणि आज गो, क्यूटी, लिब्रेऑफिस व ओपनस्टॅक या प्रकल्पांचे परीक्षण तिच्यावरच चालते.

परीक्षणाचे एकक म्हणजे एकच कमिट (संदेशासह नोंदवलेला एक बदल), या निर्णयात तिचे खरे बळ आहे. गिटहबसारख्या संकेतस्थळांवरील पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीत, दुरुस्त्यांचे लहानसहान कमिट बहुधा एकावर एक साचत जातात. गेरिटमध्ये लेखक मूळ कमिटच सुधारून पुन्हा पाठवतो, संदेशातील चेंज-आयडी या ओळखखुणेवरून प्रणाली तो ओळखते आणि नवा पॅचसेट, म्हणजे त्याच बदलाची पुढची आवृत्ती, म्हणून नोंदवते. त्यामुळे दुसऱ्या आणि पाचव्या पॅचसेटमध्ये नेमका काय फरक पडला, तेवढेच परीक्षकाला पाहता येते. शिवाय एखादी ओळ का बदलली याचा माग पुढे अनेक वर्षांनी काढणाऱ्याला अर्धवट दुरुस्त्यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढावी लागत नाही.

मतदानाची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. रूढ मांडणीत -२ ते +२ अशी मते असतात, पण दोन +१ मिळून +२ होत नाही: +१ हे केवळ अनुकूल मत, तर +२ ही जबाबदारीने दिलेली मान्यता. एकच -२ पॅच अडवू शकते, म्हणून हा अधिकार जपूनच द्यावा. २०२० च्या ३.३ आवृत्तीत आलेली, आता पुढचे पाऊल कोणाचे हे दाखवणारी सोय मला विशेष मोलाची वाटते, कारण कितीतरी पॅच नाकारले जाऊन नव्हे, तर दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत राहिल्यामुळे मरतात.

बगच्या (सॉफ्टवेअरमधील दोषांच्या) नोंदी ठेवण्याची व्यवस्था मात्र गेरिटमध्ये नाही. लिब्रेऑफिसने त्यासाठी बगझिला या बग नोंदवणाऱ्या प्रणालीची जोड दिली आहे: कमिटच्या संदेशात बगचा क्रमांक लिहिला की पॅच मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यावर त्या बगखाली आपोआप टिप्पणी पडते. ही जोडणी उत्तम आहे. पण ती समुदायाला स्वतः उभारावी आणि सांभाळावी लागते.

नवख्यांसाठी उंबरठा उंच आहे, हा सर्वांत गंभीर दोष. शुद्धलेखनाची एक चूक सुधारू पाहणाऱ्यालाही चेंज-आयडी घालणारा हुक (छोटी स्क्रिप्ट) बसवणे, वेगळ्या पत्त्यावर कमिट पुश करणे (पाठवणे) आणि कमिट सुधारून पुन्हा पाठवणे शिकावे लागते. गो प्रकल्प गिटहबवरील पुल रिक्वेस्टही स्वीकारतो आणि एक बॉट (स्वयंचलित प्रोग्राम) त्या गेरिटमध्ये आणतो. परीक्षकांच्या टिप्पण्यांना उत्तरे मात्र लेखकाला गेरिटमध्येच द्यावी लागतात. कायमस्वरूपी परीक्षकांचा गट असलेल्या मोठ्या प्रकल्पाने गेरिट जरूर निवडावे, पण अशी दुसरी वाट पहिल्या दिवसापासून खुली ठेवावी.