दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणि जुन्या गाडीचं सेल्फ: पावसाळा काढून झाल्यावरचा अनुभव

पुण्यात तपकीर गल्लीत जवळजवळ प्रत्येक दुकानात टांगलेला दिसतो तो हा डीटी-८३०डी छापाचा डिजिटल मल्टिमीटर. साचा एकच, वरची नावं दहा. किंमत दोन-तीनशे रुपयांच्या घरात. मी तो एकाच कामासाठी घेतला. माझी गाडी म्हणजे २००० नंतरच्या दशकातली, कार्बोरेटरवाली दुचाकी. तिचं सेल्फ कधी बोट टेकवताच लागायचं, कधी नुसतं कण्हायचं, कधी ढिम्म. मीटर पावसाच्या तोंडावर घेतला, आता संक्रांत उलटून गेलीय. एवढ्या काळात झालेलं मत आधीच सांगून टाकतो: व्होल्टेज मोजायला पैसे वसूल, ओहमला कामचलाऊ, आणि अँपिअरच्या वाटेला जाऊ नका.

सेल्फ लागत नाही म्हटलं की गॅरेजात पहिलं निदान ठरलेलं, ‘बॅटरी गेली’. नवी बॅटरी टाकून पंधरा दिवसांत पुन्हा तेच रडगाणं सुरू झालं, की ‘मोटरचे कार्बन (आत घासून करंट देणारे ब्रश) बघावे लागतील’. दोन्ही शक्यता खऱ्याच असतात. पण त्या खऱ्या आहेत की नाहीत हे नवा पार्ट टाकण्याआधी कळू शकतं आणि त्याला पाच मिनिटं पुरतात, हे मला मीटर हातात आल्यावर पटलं.

पहिली पायरी सगळ्यांना माहीत असलेली. नॉब डीसी २० व्होल्टवर, लाल लीड (मीटरची टोकदार वायर) प्लसला, काळी मायनसला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवत असेल तर ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली गेली की आधी चार्जिंग, मग बाकीची चौकशी. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीवर हा आकडा उगाच फुगलेला येतो, म्हणून थोडा वेळ काहीतरी लोड टाकून तो उतरवायचा. हेडलाइट मिनिटभर लावा असा सल्ला सगळीकडे दिला जातो. पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या, एसीवर चालतो, इंजिन बंद असताना तो लागतच नाही. अशा गाडीला ब्रेकलाइट आणि इंडिकेटर लावून ठेवायचे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा कायम चालू असण्याचा नियम आला, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीवाल्यांना हा फरक चटकन लक्षात येत नाही.

माझी बॅटरी १२.६ दाखवत होती आणि तरी सेल्फ कण्हत होतं. उभ्या बॅटरीचा आकडा म्हणजे लग्नात उतरवलेला फोटो, रोजच्या वागण्याबद्दल तो काही सांगत नाही. खरी परीक्षा बटन दाबल्यावर. लीड बॅटरीच्या टर्मिनलवर धरून ठेवायच्या, गाडी चालू होऊ नये म्हणून प्लगची कॅप काढायची, कॅपमध्ये जुना प्लग अडकवून तो इंजिनच्या धातूला टेकवायचा आणि तीन-चार सेकंद सेल्फ मारायचं. कॅप तशीच लोंबकळत ठेवू नका, ठिणगीला वाट मिळाली नाही तर ठिणगीचा दाब वाढवणारी कॉइल आणि ठिणगीची वेळ ठरवणारा डबा, म्हणजे सीडीआय, यांच्यावर ताण येतो. किल स्विच बंद करून काम भागेल असं वाटतं, पण बऱ्याच गाड्यांत त्याने सेल्फही बंद होतं.

आता आकडा वाचायचा. धडधाकट बॅटरी सेल्फ मारताना १० च्या आसपास किंवा वर टिकते. ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरी संशयित, आठ-साडेआठवर आली तर जवळजवळ नक्कीच संपलेली. इथपर्यंत मिस्त्रीचं आणि मीटरचं एकमत होतं. खरी मजा उलट्या बाजूला आहे: मोटर हळू फिरतेय आणि बॅटरी मात्र ११.४ वर आरामात उभी आहे. याचा अर्थ बॅटरीकडून कोणी फारसं काही मागतच नाहीये. करंट वाटेतच कुठेतरी अडतोय. माझ्या गाडीचं नेमकं हेच होतं.

मग लीड हलवत गेलो. लाल लीड मोटरच्या बोल्टवर, काळी मोटरच्या बॉडीवर, बटन दाबलं, आकडा ९.३. म्हणजे बॅटरीपासून मोटरपर्यंत जाता-येता २.१ व्होल्ट गायब. ते कुठे गेले हे शोधायला एक लीड बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मोटरच्या बोल्टवर: ०.४. रिलेसकट (बटन दाबलं की मोटरचा जाड करंट जोडणारा स्विच) त्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. मग एक लीड मायनस टर्मिनलच्या खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर: १.७! तिथे ०.२ च्या वर जायला नको. बॅटरी चांगली, मोटर चांगली, रिले चांगला, चोर निघाला अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणाऱ्या, जाड वायरचा लग (टोकाची बोल्टखाली बसणारी कडी). बोल्ट घट्ट होता, बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. खोलल्यावर लगखाली रंग आणि गंजाचा थर, आणि वायरचं रबर सोलल्यावर आत तांबं हिरवं पडलेलं. नवी वायर, नवा लग, खालची जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत, वरून व्हॅसलीनचा हात. आकडा ०.१ वर आला. गाडीचा आवाजच बदलला. मधल्या काळात एका गॅरेजात मला मोटर बदलायला सांगितलं गेलं होतं, ती मोटर आजही तीच आहे.

या चाचणीची खुबी अशी की ती करंट वाहत असतानाच करायची असते. बटन न दाबता तीच वायर ओहमवर तपासली तर मीटर ‘ठीक आहे’ म्हणतो. वीस तारांतली एक तार शाबूत असली तरी त्याला पुरे होतं, मोटरला मात्र कित्येक अँपिअर लागतात. कंटिन्युइटीवर (वायर जोडलेली आहे की तुटलेली, एवढंच सांगणारी चाचणी) भरवसा ठेवणाऱ्यांची दिशाभूल इथेच होते. जुने मिस्त्री इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडून टेस्ट लॅम्प करतात, त्याला हसू नका. बल्ब थोडा तरी करंट ओढतो, त्यामुळे बटनाच्या बारीक वायरिंगमधल्या काही लबाड्या तो मीटरच्या आधी पकडतो. मी आता दोन्ही एकाच डब्यात ठेवतो.

गणपतीच्या आसपास दुसरा आजार सुरू झाला. बटन दाबलं तर रिलेचा ‘टक’ आवाजसुद्धा नाही, आणि किकवर गाडी पहिल्या-दुसऱ्या लाथेत चालू. किकवर चालू होतेय म्हणजे प्लग, सीडीआय, पेट्रोल यांच्यात शोधायला नको, हे मीटरशिवायच कळलं. रिलेला दोन बारीक वायरी जातात. कुठली बटनाकडून येते आणि कुठली क्लच-न्यूट्रल स्विचकडे जाते हे गाडीगणिक बदलतं, वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तमच. बटन दाबून त्या दोन वायरींमधलं व्होल्टेज पाहिलं: ८ च्या आसपास. बॅटरी १२.५, रिलेला मिळतात ८, तो कशाला ओढेल! मागे मागे जात हँडलवरच्या स्विचपाशी पोचलो. आत पावसाचं पाणी, बटनाच्या पत्र्या काळ्या पडलेल्या. स्विच खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मागचा कपलरही (वायरींचा जोड) साफ केला. खर्च स्प्रेचा तेवढा.

प्लगला करंट न येण्याच्या बाबतीत मीटरची मजल लवकर संपते. प्लग कॅप काढून ओहमवर मोजता येते. रेझिस्टरवाली असेल तर साधारण ५ किलोओहम अपेक्षित, डाव्या कडेला नुसता १ आला तर आतून तुटलेली. पिकअप कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ कळवणारी), इग्निशन कॉइलची प्रायमरी (तिचं आतलं पहिलं वेटोळं) यांचे आकडे मॅन्युअलशी ताडायचे. पण प्रायमरी बऱ्याचदा एक ओहमच्याही खाली असते आणि या मीटरच्या लीडचाच रेझिस्टन्स अर्ध्या ओहमपर्यंत जातो. लीड एकमेकींना टेकवून आधी तो आकडा बघायचा आणि वजा करायचा. सीडीआय बरा की वाईट हे मात्र मीटर सांगूच शकत नाही, तिथे ओळखीच्याच्या गाडीचा लावून बघणं हाच उपाय. आणि चालू इंजिनच्या प्लग वायरवर लीड लावण्याचा विचारही करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

आता मीटरच्या खोडी. स्क्रीन सेकंदाला दोन-तीनदाच बदलते, त्यामुळे सेल्फ मारताच होणारी पहिली घसरण दिसत नाही. म्हणूनच तीन-चार सेकंद मारायला लागतं, आणि एकटा माणूस असेल तर बटन, लीड आणि स्क्रीन सांभाळताना त्रेधा उडते. मिन-मॅक्सची (सगळ्यात कमी आणि जास्त आकडा लक्षात ठेवण्याची) सोय असलेला मीटर घेतला तर हा त्रास नाही. आपोआप बंद होण्याची सोय नाही, विसरलात तर आतली ९ व्होल्टची बॅटरी गेली. ती उतरायला लागली की आकडे खऱ्यापेक्षा जास्त येतात. इंजिन बंद असताना निरोगी गाडीची बॅटरी अचानक १३.५ दाखवायला लागली तर आधी मीटरची बॅटरी बदला. इंजिन चालू असताना साध्या प्लग कॅपजवळ मीटर धरला तर आकडे भुतासारखे नाचतात.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे १० अँपिअरचं भोक. त्यावर बऱ्याच मीटरवर ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलंच असतं. लीड त्यात राहिली आणि बॅटरीला टेकली तर सरळ शॉर्ट. सेल्फचा करंट तर त्यातून मोजायचाच नाही, तो १० च्या कितीतरी पट असतो. त्यासाठी वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लागतो, त्याला काही हजार मोजावे लागतात आणि घरगुती कामाला त्याची गरज पडत नाही. वर सांगितलेली चाचणी तेच काम दोन लीडवर करते.

चार्जिंग मी आता महिन्याकाठी बघतो. चार-पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १३.५ ते १४.५ मिळाले की झालं. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) बॅटरी उकळवतंय. तेरापर्यंतही चढत नसेल तर कपलर जळालाय का ते पाहायचं, मग मॅग्नेट कॉइलकडे वळायचं.

घेणार असाल तर याच्याबरोबरच्या लीड टाकून देण्याच्या लायकीच्या असतात हे धरून चाला. माझी काळी लीड दिवाळीतच मुळाशी तुटली आणि त्याआधी कितीतरी दिवस कमी-जास्त आकडे दाखवून डोकं खात होती. सिलिकॉनच्या जाड लीड आणि टोकाला क्लिपा, एवढं त्याच दुकानातून सोबत घ्या. क्लिपा टर्मिनलला लावून ठेवल्या की बटन दाबायला हात मोकळा राहतो.