डोळ्यात सात इंजेक्शनं घेऊन झाली, आता लिहितो

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या बघायला उभा होतो, तर काठी मधेच वाकडी दिसली. म्हटलं धरणाऱ्याचा तोल गेला असेल, पण मागनं आलेली दुसरीपण तिथंच वाकलेली. उजवा डोळा झाकला की वाकडी, डावा झाकला की एकदम सरळ. घरी येऊन चादरीच्या चौकटी बघितल्या, डाव्या डोळ्याला मधल्या चौकटी पाण्यात भिजल्यासारख्या. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिला, सरळ रेघ काय असते ते मला कुणी शिकवायला नको.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोन आठवडे घालवले, ही माझी पहिली चूक. मग डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, ओसीटी म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन काढला, निदान वेट एएमडी, पडद्याचा आजार. वयामुळं पडद्याच्या मधल्या भागाखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, त्या कच्च्या असतात, त्यातनं पाणी झिरपतं, रक्त पण येतं. व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन त्यांना वाढायला लावतं आणि इंजेक्शन त्यालाच अडवतं. विडीचा पण यात हात असतो म्हणाले. मी खाली बघितलं, ही माझ्याकडं बघत होती.

आता सगळे विचारतात ते, दुखतं का? सुई दुखत नाही हो. आधी बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडीन, ते मात्र चांगलंच चुरचुरतं, मग पापण्या उघड्या ठेवायला क्लिप, आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागात सुई. औषध किती, तर ०.०५ मिली! नुसता दाब जाणवतो आणि झालं. पहिल्यांदा घरी आल्यावर नजरेच्या तळाशी काळे गोल बुडबुडे हलायला लागले, मी घाबरून फोन केला, तर हवेचे बुडबुडे आहेत, जातील म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गेले. एकदा पांढऱ्या भागात लालभडक डाग पडला, नातीनं भूत म्हणून हाक मारली. तोही गेला. पण दुखणं वाढत चाललं, डोळा लाल होऊन नजर उतरली तर त्याच दिवशी जायचं, इन्फेक्शन क्वचितच होतं पण झालं तर डोळा जाऊ शकतो.

इंजेक्शनात कुठलं औषध घ्यायचं यावरनं घरात वाद झाला. बेव्हासिझुमॅब स्वस्त, पण ते मुळात आतड्याच्या कॅन्सरचं, अमेरिकेत २००४ला मंजूर झालेलं. रॅनिबिझुमॅब २००६चं, डोळ्यासाठीच बनवलेलं आणि महाग. मुलगा म्हणे कॅन्सरचं औषध डोळ्यात कशाला. डॉक्टरांनी सांगितलं की २०११ला अमेरिकेत दोन्हींची तुलना झाली, वर्षभरानंतर नजरेत जवळपास सारखाच फायदा. बेव्हासिझुमॅबच्या मोठ्या बाटलीतनं छोट्या सिरिंज भरतात, ते स्वच्छ ठिकाणी भरलंय का एवढं विचारून घ्या. आधी ज्या ठिकाणी गेलो होतो तिथं रेट विचारला तर "आधी ॲडमिट तर व्हा", मी तिथनंच रिक्षा पकडली.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल ओळीनं तीन घेतली. पाणी उतरलं, रेघा बऱ्याच सरळ झाल्या आणि मला वाटलं जिंकलो. जूनच्या सुरुवातीची तारीख होती, पुतण्याचं लग्न, पाहुणे, दिसतंय की चांगलं, म्हणून महिनाभर ढकललं. जुलैत ओसीटीवर परत पाणी. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसती एप्रिलची आणि जुलैची चित्रं शेजारी ठेवली. सपाट जागी परत टेंगूळ आलेलं, मला पण कळलं. मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर असं अंतर वाढवत आणलं. लग्नाआधी फळ्यावरच्या खालून दोन ओळी जास्त वाचत होतो, त्यातली एक परत मिळाली, दुसरी काही आली नाही. समोरच्याचं नाक अजून थोडं पुसट दिसतं.

उजवा डोळा अजून ठीक आहे, म्हणून फ्रिजवर चौकटींचा कागद लावलाय, मधे ठिपका. रोज चहाआधी चष्मा लावून एकेक डोळा झाकून बघतो, ही मागं उभी राहून "सरळ का?" विचारते.

पुढचं दहा आठवड्यांनी, म्हणजे नेमकं यात्रेत. मी म्हटलं यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आधीची तारीख द्या, यावेळी नंतरची नको.