विद्यार्थी अंकाच्या स्थानिक बातम्या: तारीख धरायची, बीट धरायचं की एकच प्रश्न?

जुलैअखेर प्रवेशांची गडबड ओसरली की नव्या संपादक मंडळाची पहिली बैठक बसते. बारा-पंधरा मुलंमुली असतात आणि विषय एकच असतो, या वर्षी गावातलं काय छापायचं. अशा बैठकांना मी आधी विद्यार्थिनी म्हणून बसले, आता कॉपी तपासणारी म्हणून बसते. दरवर्षी तीन सूचना पुढे येतात. कोणी म्हणतं, वर्षभराच्या तारखा काढू आणि त्याप्रमाणे बातम्या वाटू. कोणी म्हणतं, दैनिकांसारखी बीटं वाटू, म्हणजे प्रत्येक बातमीदाराला वर्षभर सांभाळायला एकेक ठरलेलं क्षेत्र. आणि ज्याला मनापासून काहीतरी बदलायचं असतं तो म्हणतो, एक मोठा प्रश्न घेऊ आणि अख्खा अंक त्यावरच काढू.

तिन्ही रीतींनी निघालेले चांगले अंक मी पाहिलेत. पण तुमचा अंक महिन्यातून एकदा निघत असेल, पानं आठ असतील आणि बातमीदारांना सत्र परीक्षा असेल, तर माझं मत सरळ आहे. बीट धरा, तारखा त्याच्या मदतीला ठेवा आणि मोठा प्रश्न वर्षातून एकदाच घ्या.

तारखांची रीत सगळ्यात सोपी वाटते, आणि नव्या टीमला ती आधार देते हे खरं. ग्रामसभा कधी होणार हे आधीपासून माहीत असतं: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ६ जानेवारीला पत्रकार दिन, कारण १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. ८ मार्चला महिला दिन. फेब्रुवारी-मार्चमध्ये नगरपालिकेचं अंदाजपत्रक. पानं आधीच आखता येतात, फोटोग्राफर सांगून ठेवता येतो, अंक वेळेवर निघतो.

अडचण अशी की ही तारीख सगळ्यांनाच माहीत असते. दैनिकाच्या तालुका पानावर ती बातमी दुसऱ्या सकाळी येते, व्हॉट्सअॅपवर त्याच संध्याकाळी. तुमचा अंक तीन आठवड्यांनी येतो आणि त्यात ‘ग्रामसभा उत्साहात पार पडली’ असं छापलेलं असतं. शिवाय १ मेची ग्रामसभा नेमकी परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या दिवसांत येते, तेव्हा ती टिपायला कोणी नसतं.

तारखेचा एक उपयोग मात्र मी कधी सोडणार नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जायचं असेल तर आठ दिवस आधी ग्रामपंचायतीत जा आणि मागच्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, वाचायला मागा. १५ ऑगस्टला कोणते ठराव झाले, त्यातला कोणता प्रत्यक्षात आला, एवढं वहीत उतरवून सभेला बसलात की तुमच्या हातात जी बातमी येते ती फोटो काढून निघून जाणाऱ्याच्या हातात नसते.

बीटाबद्दल गैरसमज मोठा आहे. मुलं दैनिकांची बीटं जशीच्या तशी उचलतात: क्राइम, पालिका, शिक्षण, आरोग्य. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘आरोग्य’ बीट दिलं तर तो कुठे जाणार? विषयाऐवजी त्याला जागा द्या. ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी. एसटी स्टँड. मुलींचं वसतिगृह. स्टेशन रोडच्या खाणावळी. कॉलेजातली शिष्यवृत्तीची खिडकी, जिथे महाडीबीटीचे अर्ज तपासले जातात आणि कोणाचा अर्ज कुठे अडकलाय ते तिथल्या रांगेतच कळतं. नियम एकच: आठवड्यातून एक ठरलेला वार, त्या दिवशी तिथे अर्धा तास. बातमी असो वा नसो.

हे कसं फळतं ते एका उदाहरणावरून सांगते. आमच्या एका बातमीदार मुलीकडे नगरपालिकेची अभ्यासिका होती. दर मंगळवारी जायची. पहिल्या पाच खेपांत तिने आणलेलं काहीच छापण्यासारखं नव्हतं: पंखा बंद, पाण्याचा माठ रिकामा, वर्तमानपत्रं उशिरा. सहाव्या मंगळवारी ती दाराजवळचं रजिस्टर चाळत बसली. नाव, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. बाहेर पाटीवर ‘रात्री १० पर्यंत’ असं लिहिलेलं, आणि मुलांच्या जाण्याच्या वेळा खरोखरच साडेनऊ, पावणेदहा. मुलींच्या नावांपुढे मात्र पानामागून पान सहा चाळीस, पावणेसात, सहा पन्नास. सातच्या पुढे एकही नाही. तिने कारण विचारलं तेव्हा चौघींनी एकच उत्तर दिलं: अभ्यासिकेपासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या गल्लीत दिवे लागत नाहीत. त्या संध्याकाळी ती स्वतः गल्लीतून चालली आणि खांब मोजले. सहा खांब, एकही दिवा चालू नाही.

याच विषयाकडे बाकीच्या दोन रीतींनी पाहा. तारखेने गेलो असतो तर मार्चच्या अंकात ‘स्पर्धा परीक्षांत मुलींची भरारी’ असा लेख आला असता, दोन यशस्वी मुलींच्या मुलाखतींसह. वाईट नाही, पण रजिस्टर त्यात नसतं. प्रश्न धरून गेलो असतो तर ‘तालुक्यात मुली सुरक्षित आहेत का?’ असा आठ पानांचा अंक झाला असता, पन्नास जणींची प्रश्नावली आणि चार मान्यवरांची मतं घेऊन. त्यात ती गल्ली एका ओळीत येऊन गेली असती.

बीटाची किंमतही सांगायला हवी. पहिले दोन महिने हात रिकामे राहतात आणि कच्च्या मनाची मुलं तेवढ्यात गळतात. ज्याच्याकडे रोज चहा प्यायला त्याच्याविरुद्ध लिहिताना हात अडखळतो. म्हणून सत्र बदललं की बीट बदला. स्वतःच्या नातेवाइकाची खाणावळ किंवा स्वतःचं गाव कोणालाही देऊ नका. आणि बीटाची वही ही त्या मुलाची नव्हे, अंकाची मालमत्ता समजा. कोणती खिडकी कधी उघडते, कोण खरं बोलतं, कोणाला दोनदा विचारावं लागतं, हे सगळं तिच्यात असतं. तिसऱ्या वर्षाची मुलं निघून गेली की वहीशिवाय पुढच्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

मोठ्या प्रश्नाचं आकर्षण मी समजू शकते. पण आधी वेळेचा हिशेब मांडा. माहिती अधिकारात अर्ज केलात, तर २००५च्या कायद्याप्रमाणे उत्तराला ३० दिवस. उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे अडीच महिने गेले, आणि सत्र चार महिन्यांचं, त्यातही परीक्षा. प्रश्न घ्यायचाच असेल तर अर्ज पहिल्या आठवड्यात जायला हवा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत, शुल्क १० रुपये. अर्ज अंकाच्या नावाने करू नका, नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा.

त्याहून झटपट वाट अनेक मुलांना माहीतच नसते. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघू द्यायची ही पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली, आणि २०१८मध्ये राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. आमच्या त्या मुलीने दिव्यांच्या देखभालीची फाइल अशाच एका सोमवारी पाहिली. तिची बातमी तीनशे शब्दांची झाली आणि सोबतच्या चौकटीत रजिस्टरमधल्या वेळा छापल्या.

आता माझं मत कुठे लागू पडत नाही तेही सांगते. टीम चार-पाच जणांचीच असेल तर बीटं वाटू नका, ताण पडून दोघं सोडून जातील. दोनच जागा धरा आणि बाकीचा अंक तारखांवर चालवा. तुमचं भित्तिपत्रक आठवड्याला बदलत असेल तर तारखांची रीत चांगली चालते, कारण बातमी शिळी व्हायच्या आत भिंतीवर लागते. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला असाल, प्रकल्पासाठी पूर्ण सत्र हातात असेल आणि मार्गदर्शक पाठीशी असतील, तर प्रश्न जरूर घ्या. पण तो प्रश्न कोणाच्या तरी बीटाच्या वहीतून आलेला असू द्या.

बातमी आल्यावर सहापैकी चार दिवे लागले. डिसेंबरच्या रजिस्टरमध्ये दोन मुलींची जाण्याची वेळ आठ दहा अशी होती. जानेवारीत तिने वही पुढच्या मुलाच्या हातात दिली, तेव्हा शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘खांब क्र. ३ आणि ५ अजून बंद. मंगळवारी बघणे.’